माशांचे पारणे

जळगावात गौतमचंद छाजेड यांच्या बैठकीत, उत्तरेच्या भिंतीला टेकून, तीन फुटी काचेच्या टाकीत जे होते ते असे : नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाऊनफिश दोन, निळा डॅमसेल एक, हळदीसारखा पिवळा टँग एक, वाळूत तोंड खुपसून बसणारे गोबी दोन, लांब पांढऱ्या मिशांचा लाल झिंगा एक, दगडाला चिकटलेले समुद्रफूल एक, गोगलगायी अकरा आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे पाच. खेकड्यांबाबत घरात दुमत होते. गौतमचंदांच्या मुलाची, पुनीतची, बी.कॉम. झालेली धाकटी बहीण चेलना सहा म्हणे. पुनीतने तीनदा मोजून पाचच धरले, कारण सहावा शंख रिकामा होता, आणि रिकाम्या शंखाला खेकडा म्हणणे ही बी.कॉम.ची मर्यादा आहे असे त्याचे मत होते. याशिवाय वाळू अठरा किलो, खारे पाणी दोनशे लिटर आणि दगड बावीस किलो. दगड साधे नव्हते. त्यांच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू माशांची घाण पचवत. ते नसते तर सगळे मासे आपल्याच मुतात चार दिवसांत मेले असते. हे वाक्य पुनीत पाहुण्यांना, शक्यतो ते चहा पीत असताना, ऐकवी.

पुनीत एम.एस्सी. होता. सूक्ष्मजीवशास्त्र, पहिला वर्ग. आणि वडिलांच्या साड्यांच्या दुकानात बसत होता. ‘याचा रंग जाईल का हो?’ असे एका बाईंनी विचारले, तेव्हा त्याने ‘कोणत्या साबणाने आणि किती तापमानाला?’ असा प्रतिप्रश्न केला. बाई समोरच्या दुकानात गेल्या आणि पुनीतची बदली घड्या घालण्याच्या कामावर झाली. तेव्हापासून त्याची पदवी वापरात असलेली पृथ्वीतलावरची एकमेव जागा म्हणजे ती टाकी. ती गेली असती तर तो फक्त घड्या घालणारा इसम उरला असता, आणि घड्याही त्याला बऱ्या जमत नव्हत्या.

अशात गौतमचंदांनी धुळ्यात दुसरे दुकान काढायचे ठरवले आणि बिऱ्हाड हलवायचे ठरले. देवपुरात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, धापूबाईंचा, तिसऱ्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट होता. धापूबाई सत्तरीच्या, एकट्या, आणि वर्षभर एक दिवसाआड उपवास करण्याचे व्रत, म्हणजे वर्षीतप, शेवटाला आणलेल्या. घर त्यांचे, म्हणजे कायदाही त्यांचा. पुनीतला या निमित्ताने टाकीही मोठी करायची होती. पिवळा टँग वळताना हल्ली काचेवर आपटत होता. त्याने नाशिकच्या एका टाकीवाल्याकडून धुळ्याला चारशे लिटरची पाच फुटी टाकी आधीच बसवून घेतली, अर्धी नव्या खाऱ्या पाण्याने भरून ठेवली, आणि मग भुआजींना, म्हणजे या आत्याला, फोन करून परवानगी मागितली. आधी करायचे आणि मग विचारायचे, ही पद्धत त्याने संशोधनातून नव्हे, वडिलांकडून घेतली होती.

“आण तुझे मासे,” भुआजी म्हणाल्या. “पण माझ्या घरात एक जरी जीव गेला ना बेटा, तर ती पेटी ज्याच्याकडून आणली त्याला परत. मग रडायचं नाही.”

“एकही जाणार नाही, भुआजी.”

“प्रवासात काय खातात?”

“काहीच नाही. दोन दिवस आधीपासून उपाशी ठेवावं लागतं. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही.”

पलीकडून आवाज आला तो थंडगार. “उपाशी? माझ्या घरी येणाऱ्या जिवांना तू उपाशी आणणार?”

इथे पुनीतला हुशारी सुचली. शिकलेल्या माणसाला हुशारी सुचली की जवळच्यांनी सावध व्हावे. तो म्हणाला, “उपाशी नाही भुआजी, उपवास. दोन दिवस आधीचे आणि तिसरा प्रवासाचा. तेलाच म्हणा ना.”

तेला म्हणजे सलग तीन दिवसांचा उपवास; दोन दिवसांचा तो बेला. भलेभले दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला टेकतात.

“तेला?” भुआजींचा आवाज एकदम ओला झाला. “सगळे?”

“सगळे.”

“अरे, तुझ्या वडिलांनी जन्मात एक बेला केला नाही रे!”

फोन ठेवल्यावर पुनीत स्वतःवर इतका खूश झाला की त्याने हा किस्सा चेलनाला दोनदा सांगितला. चेलना म्हणाली, “भैया, तू भुआजींना ओळखत नाहीस.” पुनीतने बी.कॉम.कडे दुर्लक्ष केले.

तारीख गौतमचंदांनी काढली. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश आणि त्याच सकाळी धापूबाईंच्या वर्षीतपाचे पारणे. सामान आदल्या दिवशी. “या तिथीला मुहूर्त बघावा लागत नाही,” ते समाधानाने म्हणाले. पुनीतने त्यांना गेल्या दहा वर्षांच्या त्या आठवड्यातल्या तापमानाचा आलेख दाखवला. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, साडेचव्वेचाळीस. माशांना लागतात सव्वीस.

“हा आलेख पंचांगात आहे का?”

“नाही, पप्पा.”

“मग घडी घालून ठेव.”

तापमानाचे एक वेळ सोडा. पण बापलेकांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही की ज्या दिवसाला ते अक्षय्य तृतीया म्हणतात त्याला बाकीचा खानदेश आखाजी म्हणतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी आदल्या दोन-चार दिवसांपासून सावली धरून पत्ते कुटत बसतात. या दिवसांत खानदेशात सगळे काही मिळते, फक्त दुसऱ्याचे सामान उचलणारा माणूस मिळत नाही. तीस वर्षे इथे धंदा करून हे ज्याला ठाऊक नाही त्याला व्यापारी का म्हणावे, हा प्रश्न पुनीतला पडला. पण तोही इथेच जन्मला होता, त्यामुळे त्याने तो मोठ्याने विचारला नाही.

निघण्याच्या दिवशी शेजार गोळा झाला. सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय आहे. समोरच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, “दगड तेवढे घासून, साबण लावून धुवून घे हो. नव्या घरात शेवाळ नेऊ नये.” पुनीतने जिवाणूंचे वाक्य ऐकवले. “म्हणजे जंतूच ना?” त्या म्हणाल्या. “मग साबणच हवा.” वरच्या मजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी प्रवासाच्या त्रासावर साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या, दर तासाला चार. आणि जुने पाणी पिपांत भरताना पाहून एका गृहस्थांनी अत्यंत कळकळीने विचारले, “पाणी कशाला नेतोस? धुळ्यात मीठ मिळत नाही का?”

घरचे सामान ट्रकने आधीच गेले होते. मासे स्वतंत्र पिशव्यांत प्राणवायू भरून थर्माकोलच्या खोक्यांत, दगड आणि वाळू जुन्या पाण्यासह निळ्या पिपांत, पुढे वना ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी मांडीवर तापमापक घेतलेला पुनीत, असा टेम्पो निघाला. गौतमचंद आणि चेलना गाडीने पुढे गेले. एरंडोलपर्यंत खोक्यातले तापमान सत्तावीस होते. पारोळ्याला साडेसत्तावीस. पारोळ्याच्या पुढे वनाने टेम्पो हमरस्त्यावरून उतरवून एका निंबाच्या झाडाखाली घेतला.

“काय झालं?”

“काही नई भाऊ. मन्हं गाव शे. एक डाव खेयी लेस नि लगेच निंघूत.”

निंबाखाली घोंगडी अंथरलेली होती आणि तिच्यावर तीन माणसे, जगाशी काही देणेघेणे नसल्यासारखी, पत्ते पिसत होती. पुनीतने वनाला माशांच्या चयापचयाबद्दल सांगितले. वनाने मान डोलावली आणि चपला काढल्या.

टेम्पोभोवती गाव जमले. पागोटेवाले एक आबा खोक्यात वाकून बघत म्हणाले, “काय शे रे यामा?”

“मासे आहेत, आबा.”

“आखाजीले मासा?”

“खायचे नाहीत. समुद्रातले आहेत. खाऱ्या पाण्यातले.”

“मंग बरं शे,” आबा म्हणाले. “मीठ टाकानं काम नई.”

“नि या पिपडासमा?” दुसऱ्याने विचारले.

“पाणी.”

“धुयाले पानी लई जाई ऱ्हायना?” त्याने गावाकडे वळून जाहीर केले. “बठ्ठं खारं पानी! येडा शे का हाऊ?” आणि धुळ्याच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते हे ठाऊक असलेल्या एकाने गंभीरपणे उत्तर दिले, “येडा नई. धुयाले खारं बी चालस.”

तापमान साडेअठ्ठावीस झाले. डाव काही संपेना. एक गडी जेवायला उठून गेला होता, आणि खेळ अर्धा टाकून उठणे हे वनाच्या मते अशुभ होते. “एक गडी कमी पडस,” तो म्हणाला. “तुम्हीच बसा ना भाऊ. लवकर व्हई.”

पुनीत बसला. त्याने एम.एस्सी.ला संभाव्यतेचा विषय घेतला होता आणि त्यात त्याला शंभरपैकी एक्याण्णव गुण होते. हातातली पाने, पडलेली पाने, उरलेली पाने यांचे मनातल्या मनात गणित मांडून त्याने अतिशय शास्त्रशुद्ध उतारी केली, आणि हरला. दुसऱ्यांदा अधिक शास्त्रशुद्ध हरला. ज्याच्याविरुद्ध हरला तो वनाचा भिडू खेळताना झोके घेणाऱ्या नातीकडे बघत होता आणि स्वतःचे पानही नीट बघत नव्हता. तिसरा डाव झाल्यावर वनाला पुनीतची दया आली आणि तो उठला. गोळेवाल्याकडून घेतलेला बर्फ खोक्यांना लावून टेम्पो पुन्हा हमरस्त्याला लागला तेव्हा तापमान तीस होते आणि पुनीतच्या आत्मसन्मानाचे मोजमाप करण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरून टेम्पो इमारतीच्या फाटकाशी आला, तेव्हा तिथे सोसायटीचे सचिव शालिग्राम नाना उभे होते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते शरीराने.

“चारशे लिटर,” ते म्हणाले. “तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे जलाशयच की हो.”

“मासे ठेवायची टाकी आहे, नाना.”

“साठा आला की जलाशय. सांडवा कुठे काढलाय?”

“सांडवा नाही काढला.”

“सांडवा नाही!” नानांनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली. “उद्या फुटलं तर खालच्या फ्लॅटचं पुनर्वसन कोण करणार?”

खालच्या फ्लॅटमध्ये स्वतः नानाच राहत होते. शिवाय लिफ्टमधून द्रवपदार्थ नेण्यास बंदी होती. कोण्या लग्नात मठ्ठ्याचे पातेले लवंडल्यापासून. हमाल एकही नव्हता, सगळे आपापल्या गावी निंबाखाली. शेवटी पिपे जिन्याने चढली. वना, जिंकल्याच्या आनंदात, एकटा दोन माणसांचे बळ लावत होता. गौतमचंद दर पायरीला थांबून कोणाच्या तरी नावाने सुस्कारा टाकत होते. पुनीत मागून सूचना देत होता. आणि चेलना रिकाम्या हाताने वर जाऊन “भैया, तिसरा मजला आला,” असे ओरडत होती. नाना प्रत्येक ओल्या पायरीवर उभे राहून गळती मोजत होते.

संध्याकाळपर्यंत दगड रचले, वाळू पसरली, पाण्याचे तापमान जुळवले, पिशव्या तरंगवल्या आणि एकेक जीव नव्या टाकीत सोडला. सगळे जिवंत. पुनीतने दोनदा मोजले. पिवळ्या टँगने पाच फूट सरळ पोहून पाहिले आणि काच न लागल्यामुळे तो चकित झाल्यासारखा थांबला. भुआजी टाकीसमोर पाट ठेवून बसल्या होत्या. त्यांनी माशांना हात जोडले.

“साता आहे ना?” त्यांनी विचारले. तपस्व्याला, बरे आहे ना म्हणून, विचारतात तसेच.

पुनीत मायेने हसला. त्या हसण्याची किंमत त्याला दुसऱ्या दिवशी कळायची होती.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी घरात तीस-पस्तीस पाहुणे होते. वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. भगवान ऋषभदेवांनी वर्षाच्या उपवासानंतर याच तिथीला उसाचा रस घेतला म्हणून. बैठकीत अंगठ्याएवढ्या चांदीच्या एकशे आठ कळश्या रसाने भरून मांडल्या होत्या; पाहुण्यांनी रांगेने एकेक भुआजींना पाजायची, असा रिवाज. सगळे जमत असतानाच शालिग्राम नानांनी पुनीतला खाली बोलावले. जिन्यावर मिठाचे पांढरे डाग पडले होते. “हा क्षार आहे,” नाना म्हणाले. “क्षारपड झाली की जमीन जाते.” जिना संगमरवरी होता. हे समजावून सांगण्यात त्याचा वेळ गेला.

तो वर आला तेव्हा पाहुणे रांगेत उभे होते. रांगेचे तोंड भुआजींकडे नव्हते. भुआजी स्वतःच रांगेच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि रांगेचे तोंड टाकीकडे होते. त्यांच्या हातातली कळशी टाकीच्या काठावर तिरकी झालेली त्याने पाहिली.

“भुआजी! थांबा!”

“काय झालं?”

“काय करताय?”

“त्यांचा तेला झाला ना काल? मग आज पारणं नको?” भुआजींनी शांतपणे पुढची कळशी घेतली. “माझ्याआधी त्यांचं. मी घरात बसून तप केलं, ते टेम्पोतून आले.”

“भुआजी, मासे आहेत ते. माशांना उसाचा रस चालत नाही!”

“भगवंतांना चालला.”

पुनीतने चेलनाकडे पाहिले. चेलना रांगेत अकरावी होती. “माझ्याकडे काय बघतोस भैया?” ती म्हणाली. “तेला कोण म्हणालं होतं?”

ती एकतिसावी कळशी होती. बत्तिसावी त्याने हात धरून थांबवली. वर्षभर उपाशी राहिलेल्या सत्तर वर्षांच्या बाईचा हात भरल्या घरात, पारण्याच्या सकाळी धरणारा भाचा म्हणून तो त्या दिवसानंतर खानदेशातल्या सर्व नातेवाइकांत ओळखला जाऊ लागला. उरलेल्या कळश्यांतून भुआजींचे पारणे झाले. गौतमचंदांचे डोळे भरून आले, बायकांनी स्तवन म्हटले, आणि पुनीत एका कोपऱ्यात रिकामी कळशी पाण्याने भरून मोजपात्रात ओतत होता. तीन मिलिलिटर. गुणिले एकतीस, त्यातली साखर साधारण चौदा ग्रॅम. माशांना गोडी कळावी इतकी ती नव्हतीच. दगडांतल्या जिवाणूंना मात्र लग्नाची पंगत होती.

त्याने पाहुण्यांना बसवून सांगितले. साखर मिळाली की जिवाणू बेसुमार वाढतात, पाणी दुधासारखे होते, ते जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि मासे गुदमरतात.

भुआजी लक्ष देऊन ऐकत होत्या. “म्हणजे जीव वाढतील?”

“कोट्यवधी!”

“मग चांगलंच झालं की,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधासारखे होते. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करत होते. पाहुणे चहाचे कप घेऊन टाकीसमोर जमले. “बघा, बघा,” जामनेरच्या एक मावशी म्हणाल्या, “अजून रस मागताहेत!” एक काका म्हणाले, लिंबू पिळा. दुसरे म्हणाले, लिंबाने दूध फाटेल. ते दूध नाही, हे पुनीतने सांगितले. काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिले.

हवेचा पंप जोरात लावायचा तर वीज गेलेली होती. सेलवर चालणारे दोन पंप होते. त्यांचे सेल काढून कोणीतरी आदल्या दिवशी झोपाळ्यावर बसून हातातला पंखा चालवला होता आणि ते संपवले होते. एक क्लाऊनफिश कलता पोहू लागला. पुनीतने लोटा घेतला, टाकीतले पाणी भरले आणि वरून धार धरून पुन्हा टाकीत सोडले, पुन्हा भरले, पुन्हा सोडले. धारेबरोबर पाण्यात हवा जाते. पण चारशे लिटर आणि एक लोटा, हे प्रमाण त्याला कळत होते.

“कोणीतरी मदत करा,” तो म्हणाला. “प्राणवायू संपतोय.”

पस्तीस माणसांनी आपापल्या जागेवरून धार अजून उंच धरायचा सल्ला दिला. उठले कोणी नाही.

तेव्हा पुनीतने दात आवळले, आणि ज्या शब्दांच्या जोरावर तो इथवर फसला होता त्यांच्याच घरातला आणखी एक शब्द त्याने काढला. “तपस्व्यांची वैयावच्च आहे ही,” तो म्हणाला. “सेवा आहे. ज्याला पुण्य हवं त्यानं लोटा घ्यावा.”

क्षणात स्वयंपाकघरातले सगळे लोटे, तांबे आणि दोन पातेली बाहेर आली. रेशमी साड्यांचे पदर खोचले गेले. टाकीभोवती इतकी गर्दी झाली की मासेच दिसेनात. गडबड ऐकून छत गळते की काय म्हणून नाना वर आले आणि दारात खिळले. त्यांचे डोळे पाणावले. इतकी माणसे, इतके पाणी, आणि नियोजन शून्य.

“थांबा, थांबा! असं नाही चालत!” त्यांनी टाळ्या वाजवल्या. “पाळ्या लावा! आवर्तन सोडायचं तर शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचलं पाहिजे. तुम्ही चौघं डाव्या कालव्यावर. बाई, तुम्ही उजव्या.”

त्या दिवशी धापूबाईंच्या बैठकीत नानांच्या देखरेखीखाली जे उन्हाळी आवर्तन झाले तसे त्यांच्या सबंध नोकरीत झाले नसेल. वीज दुपारी आली. तोवर खारे पाणी सगळ्यांच्या अंगावर उडाले होते. गौतमचंद एकेक साडी बोटात धरून तपासत होते आणि आपल्या दुकानची कुठली व परक्या दुकानची कुठली हे न विचारता ओळखत होते. क्लाऊनफिश सरळ पोहू लागला. पंप चालू झाले, पुनीतने पाणी बदलले, आणि दोन दिवसांनी टाकी पुन्हा इतकी स्वच्छ झाली की मागच्या भिंतीवरची खिळ्याची भोके दिसावीत.

आणि स्वच्छ पाण्यातच भुआजींना ते दिसले.

वाळूवर, पुढच्या काचेजवळ, झिंगा पडला होता. आडवा. मिशांसह, पायांसह, अख्खा. हालत नव्हता. प्रवाह आला की कागदासारखा उलटत होता.

भुआजी ओरडल्या नाहीत. त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “गौतम, त्या नाशिकवाल्याला फोन कर. पेटी घेऊन जा म्हणावं.”

“भुआजी, तो मेलेला नाही,” पुनीत म्हणाला. “ते नुसतं कवच आहे. झिंगा वाढला की जुनं कवच सोडतो. कात टाकतो.”

नाना खिडकीशी टाकीचा ओलावा तपासत होते. “कात साप टाकतो,” ते म्हणाले. “आता झिंगाही टाकायला लागला? पुढे म्हैस टाकेल.”

“मग झिंगा कुठे आहे?” भुआजींनी विचारले.

“दगडांत लपला असेल. नवं कवच मऊ असतं, टणक होईपर्यंत तो बाहेर येत नाही.”

“म्हणजे दिसत नाही.”

“नाही.”

“मेलेला दिसतो, जिवंत दिसत नाही,” भुआजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागापेक्षा ते वाईट होते. “मी तुझ्या शब्दावर पारणं केलं रे त्यांचं. तेला म्हणालास, मी मानलं. सेवा म्हणालास, सगळ्यांनी मानलं. आता कात म्हणतोस.”

खरे बोलायची वेळ आली तेव्हा विश्वास ठेवायला घरात कोणी उरले नव्हते. पुनीतची पहिल्या वर्गातली पदवी टाकीसमोर उभी होती आणि वाळूवरच्या एका पोकळ कवचापुढे तिचे काही चालत नव्हते. गौतमचंदांनी फोन लावला. त्यांना त्या भिंतीपाशी सोफा हवा होता.

नाशिकवाला येईपर्यंत पुनीत टाकीसमोरून उठला नाही. घड्या घालायला दुकानात गेला नाही. आश्चर्य म्हणजे भुआजीही उठल्या नाहीत. त्या पाटावर, हातात माळ घेऊन, टाकीकडे बघत बसल्या. चेलना दोघांना जेवणाची ताटे आणून ठेवी आणि जाता जाता म्हणे, “खाऊन घ्या, नाहीतर तुमचाही तेला होईल.”

नाशिकवाला रिकामी पिपे घेऊन आला. त्याने टाकीला बाहेरून टिचकी मारली, किंमत पाडून सांगितली आणि दगड काढायला बाही वर केली. तेवढ्यात पिवळा टँग मागच्या दगडाशी गेला आणि कल्ले फुगवून थांबला. हा मासा असा थांबला की झिंग्याने त्याचे अंग साफ करायचे, असा त्यांच्यातला रिवाज. टँग थांबूनच राहिला. मग दगडाच्या कपारीतून एक पांढरी मिशी बाहेर आली.

“भुआजी,” पुनीत म्हणाला. त्याने काचेवर बोट ठेवले.

दुसरी मिशी आली. मग लाल डोके. झिंगा, नवा कोरा, चकचकीत, घाबरत घाबरत टँगच्या अंगावर चढला.

“हा दुसरा कशावरून नसेल?” नाना म्हणाले. “आणून सोडला असेल.”

“कुठून नाना?” चेलना फणकारली. “भाजी बाजारातून? धुळ्यात समुद्राचा झिंगा मिळतो ते दुकान दाखवा, मी आत्ता जाते.”

भुआजी काचेला नाक लावून बघत होत्या. नाशिकवाला बाही वर करून उभा होता. गौतमचंद सोफ्याच्या जागेवर उभे होते.

“वाढला की टाकतो म्हणालास ना?” भुआजी म्हणाल्या.

“हो.”

“मेलेलं वाढत नाही. मोज.”

पुनीतने चिमट्याने वाळूवरचे कवच काढले आणि पट्टीवर सरळ केले. डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मिशा सोडून. मग त्याने तीच पट्टी काचेला लावली आणि झिंगा काचेवर चढेपर्यंत वाट पाहिली. चेलनाने आकडे मोठ्याने वाचले.

कवच : शेहेचाळीस मिलिमीटर. झिंगा : पन्नास मिलिमीटर.